गुळाचा खडा आणि मुसकं

फार पूर्वीची म्हणा नाहीतर परवाची म्हणा, साथीच्या गोष्टीला साल लागत नाही. एका गावात एक वाणी होता. गावात किराण्याचं दुकान एकच, ते त्याचं. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, रिठे, काड्यापेटी, सगळं त्याच्याकडे मिळायचं. पण गाव त्याला ओळखायचं ते गुळासाठी. दुकानात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तो गुळाचा एक खडा ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी तोंड गोड करा, मग काय हवं ते बोला."

मीठ घ्यायला आलेल्याला गूळ, भांडायला आलेल्यालाही गूळ. त्याचा बाप हेच करायचा, म्हणून हाही करायचा. माणूस भारी मायाळू. कुणाला नाही म्हणणं याला कधी जमलंच नाही. आता मायाळू असणं वाईट, असं मी कुठे म्हणतेय? पुढे ऐका.

एका वर्षी त्या मुलखात तापाची साथ आली. खोकल्यातून, शिंकेतून, बोलताना तोंडातून निघणाऱ्या वाऱ्यातून ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची. नदीपलीकडच्या गावात तर चिता विझायला सवड मिळेना. मग इथेही दवंडी पिटली गेली, "ऐका हो ऐका! घराबाहेर पडताना नाकातोंडाला फडकं बांधा! दुकानात गर्दी करू नका! घरी गेलात की आधी हात धुवा हो!"

वाण्याची एकुलती एक लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. वाणिणीनं नवऱ्याची जुनी धोतरं धुऊन, उन्हात वाळवून, बाळाच्या दुपट्यांसाठी घडी करून ठेवली होती. दवंडी ऐकली आणि तिनं ती घडी उलगडली. कात्री घेतली.

"अगं आई, ही तर बाळाची!" लेक म्हणाली.

"बाळाला दुपटी मागून होतील," वाणीण म्हणाली. "आधी बाळाला घरातली सगळी माणसं जिवंत दिसू देत."

मग दोघी मायलेकी शिवायला बसल्या. मऊ सुती कापड, त्याच्या तीन घड्या, कडेला शिवण आणि कानामागे बांधायला नाड्या. घरात पुरून उरतील एवढी फडकी झाली, तशी गावातल्या प्रत्येक घरी दिली. धोतरं संपत आली. बाळासाठी एकच तुकडा राहिला.

गावानं त्या फडक्याचं नाव ठेवलं मुसकं. मळणीच्या बैलानं धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधतात ना, ते मुसकं. "काय शेठ, मालकिणीनं मुसकं घातलं वाटतं तुम्हाला!" असं म्हणून लोक हसायचे. हसू देत. हसत का होईना, बांधत तर होते!

दुकानाची सगळी सूत्रं वाणिणीनं हातात घेतली. दाराला आडवा दोर बांधला. बाहेर अंगणात चुन्याच्या फक्कीनं एकमेकांपासून लांब लांब गोल आखले. घरटी एकानंच यायचं, आपल्या गोलात उभं राहायचं, काय हवं ते तिथूनच सांगायचं. पिशवी ओट्यावर ठेवून मागे सरायचं. वाणी पिशवी भरून ओट्यावर ठेवी आणि आत जाई, मग गिऱ्हाइकानं ती उचलायची. दाराशी रिठ्याच्या पाण्याचा हंडा होता, येताजाताना त्यात भांडं बुडवून हात धुवायचे. घरी गेल्यावर फडकं उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवायचं. कुणाचं फडकं नाकाखाली घसरलं की वाणीण आतून ओरडायची, "नाक काय विकायला काढलंय? आत घाला!"

आणि गूळ बंद.

"अगं, पण बापाच्या वेळेपासूनची रीत आहे," वाणी कळवळून म्हणाला.

"अहो, तोंड गोड करायचं तर तोंड उघडावं लागतं! साथ जाऊ दे, मग आख्खी ढेप वाटा."

वाण्यानं ढेप झाकून ठेवली. पण त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघालं की याचा हात आपोआप ढेपेकडे जायचा आणि रिकामाच मागे यायचा.

या सगळ्याचा गुण आला बरं का. आजूबाजूच्या गावांत रडारड चालू होती, या गावात कुणी साधं खोकत नव्हतं. आणि कुणी खोकत नाही म्हटल्यावर माणसाला काय वाटतं? संकट गेलं असं वाटतं. इथेच तर घात होतो.

गावात एक कासार होता. वाण्याचा लहानपणापासूनचा मित्र. बांगड्या विकायला तो गावोगाव हिंडायचा. लोकांनी बाहेरगावी जाऊ नको म्हणून सांगितलं, तरी कुठलीशी जत्रा गाठून तो परतला होता. वाणीण पाणी आणायला विहिरीवर गेली होती, नेमका तेव्हाच तो दुकानापाशी आला. फडकं त्याच्याकडेही होतं, पण हनुवटीवर लोंबत होतं.

"शेठ!" त्यानं हाक मारली. वाणी दोराच्या आतून, फडक्याआडून म्हणाला, "ये रे गड्या. तिथे गोलात उभा राहा."

कासाराचं तोंड उतरलं. "गोलात? मी? अरे, एका ताटात जेवलोय आपण. आणि आज तू बैलासारखं मुसकं बांधून माझ्याशी बोलणार? परक्यांसाठी ठीक आहे. मी परका झालो होय?"

झालं! "परका" हा शब्द वाण्याच्या काळजात घुसला. त्यानं विहिरीच्या वाटेकडे पाहिलं. बायको अजून दिसत नव्हती. त्यानं दोर सोडला, फडकं खाली ओढलं आणि म्हणाला, "परका कसला होतोस! ये, आत ये."

कासार आत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसला. वाण्यानं ढेप फोडली. दोघांनी गूळ खाल्ला, जत्रेच्या गप्पा मारल्या, पोट धरधरून हसले. मध्येच कासाराला खोकला आला. "गुळाचा खडा अडकला रे," तो म्हणाला. वाण्यानं त्याला पाणी दिलं आणि आपल्याच भांड्यातून दिलं.

आवाज ऐकून लेक आतून आली. तिच्या तोंडाला फडकं होतं. दाराशीच थांबून ती म्हणाली, "कासारकाका, कधी आलात?"

"अगं बाई! तुझ्यासाठीच तर आलोय. हे बघ, हिरवा चुडा आणलाय. पण तुझं तोंड तरी बघू दे पोरी! किती दिवसांनी आलीस माहेराला."

लेकीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, आईनं सांगितलंय..."

बापानं तिथे नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द, बस. पण तो म्हणाला, "अगं, काका आहेत आपले. काढ. काही होत नाही."

तिनं फडकं काढलं. कासारानं समोर बसवून तिच्या हातांत मायेनं हिरव्या बांगड्या भरल्या. वाण्यानं गुळाचा खडा उचलला आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला. "तोंड गोड कर, बाळा." तिघंही आनंदात होती. वाणीण हंडा घेऊन आली तेव्हा कासार निघून गेला होता, दोर पुन्हा बांधलेला होता आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली होती.

कासारानं आधी अंथरूण धरलं. मग वाण्याला कणकण आली. आणि मग लेकीला ताप चढला.

वाण्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. ती नुसती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, काय केलंत हे." तिनं शिव्या दिल्या असत्या तर वाण्याला बरं वाटलं असतं.

वाण्याचा ताप उतरला. लेकीचा उतरेना. तापातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण नाकातोंड बांधून आली, वैद्य दारातून औषध देऊन गेला. वाणी बाहेर ओट्यावर बसून देवाला हात जोडत होता, मला ने, तिला ठेव, म्हणत होता. पहाटे बाळाचा टाहो ऐकू आला. मुलगी झाली होती, खणखणीत आवाजाची.

उरलेल्या एकाच दुपट्यात गुंडाळून सुईणीनं बाळ आणलं. लेकीला धड श्वास घेता येत नव्हता. तरी तिनं हात वर केला.

"थांबा. आधी माझं मुसकं द्या."

"अगं, तुला आधीच दम लागतोय," आई रडत म्हणाली. "राहू दे ते."

"नको. बाळाला होईल. बांध आई, घट्ट बांध."

आईनं नाड्या बांधल्या. बाळ तिच्या कुशीत नाही दिलं, सुईणीनं थोडं लांबच धरलं होतं. लेकीनं फडक्यावरून डोळे भरून पाहिलं. ती काहीतरी म्हणालीही, पण आवाज फार बारीक झाला होता, कुणाला कळलं नाही. उन्हं अंगणात यायच्या आत ती गेली.

चुलत्याच्या, मामाच्या, गावच्या काकाच्या आग्रहाला कोण नाही म्हणू शकतं? तिलाही म्हणता आलं नाही. काकाला तिनं तोंड दाखवलं आणि पोटच्या पोरीपुढे ते झाकून घेतलं. त्या बाळानं आपल्या आईचं तोंड पाहिलंच नाही.

बाळाला काही झालं नाही. ते वाढू लागलं. बारशाला कुणाला बोलावलं नव्हतं, तरी गाव आलं. कुणी न सांगता सगळे फक्कीच्या गोलात उभे राहिले, फडकी डोळ्यांच्या खालपर्यंत चढवलेली. कासारही आला होता. तो जगला होता, पण वाकून गेला होता. बाळासाठी आणलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या त्यानं ओट्यावर ठेवल्या आणि मागे सरून आपल्या गोलात उभा राहिला.

"शेठ, मीच मारलं रे तिला," तो हमसून हमसून रडू लागला.

वाणी दोराच्या आत उभा होता. त्यानं ओट्यावरच्या मनगट्या उचलून घेतल्या. मग म्हणाला, "तू नुसता रुसला होतास रे. दोर मी सोडला. फडकं मी काढायला लावलं."

मग त्यानं ढेप फोडली. एकेक खडा कागदाच्या पुडीत बांधला आणि पुड्या ओट्यावर मांडल्या. लोक एकेक करून येऊन घेऊन गेले. प्रत्येकाला तो एकच वाक्य सांगत होता, "घरी जाऊन खा."

साथ गेली, त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. नात मोठी झाली, दुकानात बसू लागली. गूळ अजून मिळतो तिथे, पण पुडीतच. आणि "तोंड गोड करा" असं त्या दुकानात आजही कुणी म्हणत नाही.

तात्पर्य काय, तर परक्यासमोर फडकं आपोआप वर जातं. ते काढावंसं वाटतं आपल्या माणसासमोर. म्हणून आपलं माणूस समोर आलं की आधी नाडी घट्ट करावी.