मगदूम सरांचे त्रेपन्न खून

"...आणि त्रेपन्नावा तर भर लग्नाच्या मांडवात. आता तुम्हीच सांगा वस्ताद, असला सिनेमा पंधरा वर्षांच्या पोरीला दाखवावा का?"

दस्तगीर वस्ताद तालमीतल्या हौद्याच्या काठावर बसून कुस्तीच्या तांबड्या मातीतले खडे वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"त्रेपन्न?"

"मोजलेत मी."

मोजणारे सुधाकर मगदूम, ज्युनिअर कॉलेजचे उपप्राचार्य. गावातल्या पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मारधाडीचा नवा सिनेमा लागला की मगदूम सर आधी स्वतः जाऊन तो तपासतात आणि 'पाल्यास दाखवावा' किंवा 'दाखवू नये' असं ग्रुपवर टाकतात. सव्वातीनशे आईबाप खाली हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात. स्वतःच्या पोराशी पाच मिनिटं बोलण्यापेक्षा मगदूमांचा मेसेज वाचणं सोपं पडतं.

या खेपेला मात्र घरातूनच प्रश्न आला होता. त्यांची केतकी याच तालमीत कुस्ती शिकत होती. तालमीतल्या सहा मुली येत्या रविवारी हा सिनेमा बघायला जाणार होत्या. केतकीनं विचारलं, मी जाऊ का? मगदूम म्हणाले, तपासून सांगतो.

त्याला नऊ दिवस झाले.

"चार दिवस झाले, बोलत नाही माझ्याशी," मगदूम म्हणाले.

"भांडली?"

"भांडली असती तर बरं. 'बरं' म्हणते. काहीही विचारा, 'बरं'. पूर्वी शाळेतनं आली की पायातलं काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायची. मीच म्हणायचो, जरा गप्प बस."

वस्तादांनी एक खडा बोटांत फिरवला आणि मागं टाकला.

"मग माझ्याकडं कशाला आलायसा?"

"तुमचं ऐकते ती. तुम्ही 'नको' म्हणालात तर..."

"तर?"

"तर मी नको म्हणालो असं होणार नाही."

दिवसभरातलं पहिलं खरं वाक्य ते बोलले होते. पण त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"हा बघा तक्ता. स्वतः तयार केलाय. रक्त, जास्त. शिव्या, मध्यम. धूम्रपान, दोन वेळा. हत्यारं अकरा प्रकारची. सरकारी प्रमाणपत्र म्हणतंय, सोळा वर्षांखालच्यांचं पालकांनी ठरवावं. म्हणजे सगळं आमच्याच गळ्यात."

"चांगला हाय तक्ता."

"पटला?"

"आखलाय चांगला."

कोपऱ्यात मुली बैठका मारत होत्या. केतकी त्यांतच होती. बाप आलेला तिनं पाहिला होता. मोजणी चुकू न देता ती खालीवर होत राहिली.

"एकदा बघून एवढं ध्यानात राहिलं?" वस्तादांनी विचारलं.

"तीनदा बघितला."

...

"तपासायला," मगदूम म्हणाले.

"व्हय व्हय."

"पहिल्यांदा नीट मोजता आले नाहीत. धूर फार आहे त्यात. दुसऱ्यांदा हत्यारं टिपली."

"आन तिसऱ्यांदा?"

मगदूमांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिसऱ्यांदा मिसेस माहेरी गेल्या होत्या."

वस्ताद दाढीतल्या दाढीत हसले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि हौद्यात उतरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण माती पायाखाली आली की चाल बदलायची.

"मला कुठं थेटरात बसणं जमतंय मास्तर. कंबर धरती. एक खून दाखवा की."

"इथं?"

"माती मऊ हाय."

"पोरी बघतायत."

"बघू द्या. बघून बिघडल्या तर तक्त्यात लिवा."

मगदूमांनी बूट काढले. मोजे बुटात घातले. पँट दोन घड्या वर केली आणि थंड पाण्यात उतरावं तसे मातीत उतरले.

"म्हणजे... तो गोदामात शिरतो," ते कॉलेजातल्या आवाजात सांगू लागले. "दारात एक जण असतो. तो नायकाला अडवतो. मग नायक त्याचा हात असा धरतो..."

त्यांनी वस्तादांचं मनगट धरलं.

"असा पिळतो... आणि कोपर असं मानेवर."

कोपर जेमतेम टेकलं. वस्ताद आडवे झाले. सरळ, पाठीवर, हात पसरून. माती उडून त्यांच्या डोळ्यांवर बसली.

"हा झाला पहिला," मगदूम म्हणाले आणि वळले. "तोवर दुसरा मागून येतो. साखळी घेऊन. याला खाली वाकून चुकवायचं, आणि लाथ. तिसरा शिडीवर, हा माझा आवडता. शिडीच ओढायची. चौथ्याकडं पिस्तूल असतं, पण त्याची गोळी अडकते..."

शर्ट पँटमधून बाहेर आला. सर तोंडानं पार्श्वसंगीतही देऊ लागले. कुठल्या ठोक्याला कुठला माणूस पडतो हे त्यांना पाठ होतं. कॉलेजात गेली दहा वर्षं या माणसाच्या चेहऱ्यावर सही करतानाचा भाव सोडून दुसरा भाव कुणी पाहिला नव्हता. आता तो पंधरा वर्षांचा दिसत होता.

बैठका थांबल्या होत्या. मुली तोंडावर हात धरून बघत होत्या.

केतकी बघत नव्हती. ती हौद्यात उतरली होती.

या तालमीचा एक रिवाज आहे. ज्यानं पाडलं, त्यानं पडलेल्याला उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं पुसायची. तोवर पुढची पकड कुणी घ्यायची नाही. पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, हे शिकवतात.

तिनं वस्तादांच्या मानेखाली हात घातला आणि त्यांना बसतं केलं.

"लागलं का?"

"न्हाई गं."

"डोळे उघडू नका. माती आहे."

खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं तिनं त्यांच्या पापण्या पुसल्या. एक, मग दुसरी.

"...आणि सातवा वरून उडी मारतो," मगदूम म्हणत होते, "त्याला हवेतच..."

ते वळले. हात वरच राहिला.

हौद्याच्या मध्यभागी म्हातारा बसला होता, डोळे मिटून. शेजारी पोरगी गुडघ्यांवर. उडालेली माती हळूहळू खाली बसत होती.

...

"पप्पा," केतकी म्हणाली.

चार दिवसांत 'बरं' सोडून हा पहिला शब्द.

"तुम्ही पाडलंय त्यांना. पाठ तुम्ही पुसायची असते."

मगदूमांनी हात खाली घेतला. मग ते वस्तादांच्या मागं जाऊन गुडघ्यांवर बसले आणि तळहातानं त्यांची पाठ पुसू लागले. आधी फळा पुसतात तशी. मग सावकाश.

"खांद्यावर राहिलीय," केतकी म्हणाली.

त्यांनी खांदा पुसला.

"कानामागं."

कानामागंही पुसलं. आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते पुसत राहिले. वस्ताद ऊन खाणाऱ्या मांजरासारखे स्वस्थ बसून होते. घाई कुणालाच नव्हती.

"पप्पा, तो पहिला कोण होता?"

"कुठला?"

"दारातला. हात पिळला तो."

मगदूमांनी खिशातला कागद काढला, उलटसुलट पाहिला. घडी घालून परत ठेवला.

"वॉचमन असावा."

"असावा? तीनदा बघून?"

ती हसली. अगदी थोडं, पण हसली. मगदूमही हसले, आणि हसताना खाली बघू लागले. पायांची बोटं मातीत रुतली होती. ती त्यांनी काढून घेतली नाहीत.

"तुम्हाला शिडीवाला एवढा कशाला आवडला?" तिनं विचारलं.

"तो पडतो छान."

"मघाशी वस्तादपण छान पडले."

"ते खरं आहे," मगदूम म्हणाले. मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी मोबाईल बाहेर काढला. सव्वातीनशे आईबाप वाट बघत होते.

"वस्ताद, मग ग्रुपवर काय लिहू? पोरांना दाखवावा की नको?"

वस्तादांनी डोळे उघडले. केतकीच्या डोक्यावर हात ठेवून ते उठले, धोतर झटकलं.

"पोरांचं राहू द्या मास्तर. तुम्हाला चौथ्यांदा बघू द्यायचा का न्हाई, ते आधी हिला इचारा."