राजाची गळकी फटफटी

ऐका रं पोरांनो, आणि म्हाताऱ्यांनो तुम्हीबी. या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर माझी टोपी तुमची. टोपीत उवा हायेत, ते आधीच सांगून ठेवतो.

लई जुन्या काळात एक राज्य होतं. तिथला राजा घोड्यावर न्हाई, फटफटीवर बसायचा. आणि तिथं एक रीत होती. राजाच्या कामाची वस्तू विटकरीच्या भुकटीनं घासून लख्ख करायची. ताट असू दे, तलवार असू दे, न्हाईतर मिशीच्या तेलाची वाटी.

एकदा दरबारी मिस्त्रीनं फटफटीचा कारबोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजणारा डबा, खोलला, नव्यासारखा करून परत बसवला. गाडी उभी केली, तर खाली पेट्रोल टप टप. सांध्यात नवा वायसर घातला, टप टप. पेट्रोल अडवणारी आतली सुई नवी घातली, तरी टप टप.

शेवटी वेशीबाहेरच्या मिस्त्रीणबाईला बोलावणं गेलं. हाताची हुशार, तोंडाची तिखट.

राजा म्हणाला, "उद्या माझी मिरवणूक हाय. तवर गळती थांबली न्हाई तर तुझी हत्यारांची पेटी जप्त. परत पान्याला हात लावायचा न्हाई."

ती पेटी तिच्या बापाची. तिची चूल त्या पेटीवर पेटायची.

तरी बाईनं घाई केली न्हाई. जमिनीवर फतकल मारून बसली आणि थेंब कुठनं येतो तेवढंच बघत राहिली. सांध्यातनं येत न्हवता. जादा पेट्रोल सांडायला खाली बारकी नळी असते, तिच्यातनं येत होता. म्हणजे कारबोरेटरातली पेट्रोलची वाटी भरली तरी आतली सुई पेट्रोल अडवत न्हवती.

तिनं कारबोरेटर उतरवला, उलटा धरला, पेट्रोलच्या तोंडातनं फुंकर मारली. सुईनं वारा अडवायला हवा, तर वारा आरपार! सुई तर नवीकोरी. मग सुई जिथं बसते त्या पितळी बैठकीत तिनं काडी फिरवली आणि खुदकन हसली.

"मिस्त्रीसाहेब, ही बैठक कशानं घासली?"

"विटकरीनं! तीन दिवस!" मिस्त्रीनं छाती फुगवली.

"म्हणून तर. हिच्यावर ओरखडेच ओरखडे. सुई टेकंल कशी?"

तिनं पेटीतनं एक जुनी बैठक काढली. काळी पडलेली, पण ओरखडा एक न्हाई. "ही बसवते."

सारा दरबार हबकला. राजाच्या गाडीत काळं पितळ!

"आधी घास," राजा म्हणाला.

"न्हाई घासणार."

"पेटी जाईल."

"जाऊ द्या. घासून दिली तर उद्या परत गळंल, आणि नाव माझं जाईल. पेटी ठेवा महाराज, हात मी घेऊन चालले."

दारात थांबून ती एवढंच बोलली, "त्या नळीला बूच मारू नका. ती गळती सांगतीया. तिचं तोंड दाबलं तर पेट्रोल दुसरी वाट धरंल."

तिची पाठ वळली न वळली, मिस्त्रीनं तीच घासलेली बैठक परत जोडली आणि नळीत लाखेचं बूच ठोकलं. टपटप बंद! राजानं त्याला शेला दिला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. "बघा महाराज, एक थेंब न्हाई!" मिस्त्री म्हणाला. राजा बघायला वाकला. मिस्त्रीनं किक मारली. आत पेट्रोल तुंबून वारा घ्यायच्या तोंडापतुर आलेलं. गाडी खोकली, भप्प! जाळ निघाला तो थेट राजाच्या तेल लावलेल्या मिशीत.

माती टाकून आग विझवली. गाडी वाचली.

राजा तोंडाला फडकं बांधून, बाईची पेटी डोक्यावर घेऊन, स्वतः वेशीबाहेर गेला. मागनं मिस्त्री फटफटी ढकलत आला. बाईनं पेटीतली काळी बैठक बसवली, न घासता. टपटप थांबली ती थांबलीच.

राजानं हळूच विचारलं, "बाई, मिशीचं काय जमंल का?"

"तिचं सामान माझ्या पेटीत न्हाई, महाराज."

टोपी माझ्याकडंच राहिली, बरं का! गळती दाखवणाऱ्याचं तोंड बांधून गळती थांबत न्हाई. एवढं शिकायला राजाला अर्धी मिशी मोजावी लागली.