जन्म पाहिलेलं माणूस

शाळूची पेरणी सुरू करताना पहिली मूठ गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं धरायची, अशी कुंभेरीची रीत. हा मान कैक वर्षं तान्हूआजीचा. यंदा इनामदार बाबासाहेबांनी तो आपल्या आईसाठी मागितला.

आजीची नातसून सगुणा सकाळपासून तळमळत होती. रानातली ओल उडून चालली होती आणि पारावरचा निवाडा संपेना. आजी मात्र निवांत सुपारी कातरत होती.

"वय नुसतं तोंडानं सांगून चालणार नाही, म्हातारे," इनामदार गरजले. "तुला जन्मताना पाहिलेलं माणूस उभं कर! आमच्या आईसाहेबांचा जन्म आमच्या वाड्यावरच्या या म्हाताऱ्या गोदूनं डोळ्यांनी पाहिलाय."

सगुणानं आजीकडे पाहिलं. असं माणूस आता आणायचं कुठून?

आजीनं अडकित्ता मिटला.

"सरकार, आईसाहेबांना जन्मताना पाहिलेली गोदू अजून धडधाकट आहे. म्हणजे ती त्यांच्याहून थोरली. मग आईसाहेब सर्वांत म्हाताऱ्या कशा? जिला असा साक्षीदार मिळतो, तिचा हा मान नव्हेच."

पारावर खसखस पिकली. इनामदार चिडले. "मग गोदूच धरेल मूठ!"

"धरू दे की. फक्त तिलाही विचारा, तुला जन्मताना कुणी पाहिलं?"

गोदूनं डोक्यावर पदर घेतला आणि आजीचे पाय धरले. "यांनीच, सरकार. माझ्या पहिल्या आंघोळीचं पाणी यांनी तापवलं, असं आई मरेपर्यंत सांगायची."

आजी काठी टेकत उठली.

"चल गं सगुणे, बियाणं उचल. ओल काही आपल्यासाठी थांबायची नाही."