मथुराक्काचं ‘या’

फार मागं, आमचं कासारगाव अजून शहर व्हायचं होतं, भोवती तट होता आणि आत यायला एकच वेस होती, तेव्हाची ही गोष्ट. वेशीला लागून मथुराक्काची धर्मशाळा होती. आज जिथं गाण्याच्या बैठका होतात ना, तीच जागा. आमच्या भिंतीला भिंत आहे तिची, म्हणून मला बारीकसारीक ठाऊक.

गावाला बाजार मिळाला तो आक्कामुळं. कीर्तनकार, शाहीर, हळदीचे व्यापारी तिच्या ओसरीवर उतरायचे, पिठलं-भाकरी खायचे आणि निघताना म्हणायचे, “येतो आक्का.” ती म्हणायची, “या.”

आपण सगळेच म्हणतो. पण तिचं ‘या’ फुकट जात नसे. असं म्हणतात, तिनं ज्याला ‘या’ म्हटलं, तो परत येणारच. एक व्यापारी वाटेत पुरात गेला, तर त्याचा घोडा एकटाच येऊन अंगणात उभा राहिला, खोगीर ओलंचिंब. बाया चेष्टा करायच्या, “आक्का, माझी सासू निघालीय, तेवढं तोंड मिटून बस गं!”

एका चैत्रात, भर दुपारी, हिरव्या लुगड्यातली एक बाई दारात आली. डोक्यावर झाकलेली पाटी. तिनं पाणी मागितलं. आक्का तांब्यावर तांब्या देत गेली, रांजणाचा तळ दिसला तरी बाईची तहान भागेना. शेवटी ती उठली. “येते हं.”

आक्काचे हात परत पिठात गेले होते. मान वर न करता ती म्हणाली, “या.”

कोण होती ती? तिचं नाव आम्ही घेत नाही. तुम्ही ओळखलंत.

पुढच्या बाजाराला ती आली. आधी आढ्यावरून उंदीर पडले. मग माणसांच्या काखेत गाठी उठल्या. सकाळी बोलणारा माणूस दिवेलागणीला गार पडायचा. बाजार मोडला. कुत्रीसुद्धा वेशीबाहेर निघून गेली. असं म्हणतात, ती घरात शिरायची, एकाला गाठ लावायची, आणि त्याचा जीव जायच्या आत उंबऱ्यावर येऊन गोड आवाजात म्हणायची, “येते हं.” आतली माणसं भेदरलेली, रडून अर्धमेली. पण तोंडाला सवय! “या,” म्हणून जायची. आणि ती यायची.

आक्काला हे उमगलं ते लेकीच्या, शेवंताच्या घरी. जावयाला नुकतीच गाठ उठली होती. दार करकरलं. कुणी दिसलं नाही, आवाज तेवढा आला, “येते हं.”

आणि चिमुरडी नात बकुळा, शहाण्यासारखी म्हणाली, “या हं.”

आक्कानं तिचं तोंड दाबलं. पण शब्द निसटला होता. आता बकुळाची पाळी.

आक्का रस्त्यावर धावली, ओरडली, “अगं थांब! पहिलं ‘या’ माझं होतं. लेकराला का धरतेस?”

रिकाम्या रस्त्यातून हसू आलं. “मी आपली वाटेनं चालले होते, बाई. एवढ्या मुलखात मला ‘या’ म्हणणारी तूच भेटलीस.”

“मग आधी माझ्याकडं चल. पाहुणचार राहिलाय.”

वाटेत आक्का मागं धावत आलेल्या शेवंताच्या कानात म्हणाली, “मयताच्या घरातून निघताना माणूस काय म्हणतं गं?”

“काही नाही. मुकाट निघतं.”

“म्हणून ती जीव जायच्या आत निघते. पहिलं ‘या’ जिथलं, तिथून ती मुकाट गेली की सगळ्यांचंच फिटलं. तोंडावर पदर धर आणि काही झालं तरी सोडू नकोस.”

धर्मशाळेत आक्कानं पाट मांडला, पाणी ठेवलं. पाटावर कुणी दिसत नव्हतं, पण तांब्यातलं पाणी उतरू लागलं. मग आक्का तिथंच उघड्या जमिनीवर आडवी झाली, जिभेवर तुळशीपत्र ठेवलं, आणि आपणहून श्वास सोडून दिला. असं म्हणतात, पाटावरून आवाज आला, “अगं बया! मी तर तुला हातसुद्धा लावला नाही!”

मग उंबऱ्यापाशी कुणीतरी थांबलं. बराच वेळ थांबलं. शेवंताचा पदर दातात होता, समोर आई पडलेली, आणि तिनं हुंदका म्हणून काढला नाही. उंबऱ्यावर शब्द आला नाही. घर मयताचं होतं. रीत तिलाही चुकली नाही. वेशीचं दार एकदा हललं आणि थांबलं.

जावई वाचला नाही. बकुळा वाचली. पुढं तिनंच धर्मशाळा चालवली, आणि गाव शहर झालं.

अजून चैत्रात, ती पहिल्यांदा पाणी मागायला आली त्या दिवशी आम्ही आक्काची मुकी दुपार पाळतो. बैठकीतला गवई तंबोरा ठेवून न बोलता उठतो. एसटी स्टँडवर कुणी कुणाला ‘येतो’ म्हणत नाही. परगावचे लोक म्हणतात, काय उद्धट गाव आहे. म्हणू देत.

आणि त्या दुपारी कुणी अनोळखी बाई दारात येऊन पाणी मागते. दरवर्षी कुणाच्या तरी दारात येतेच. तहानलेल्याला नाही म्हणणं आक्काच्या गावात बसत नाही. आम्ही पाणी देतो. मग पदर तोंडावर धरतो, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत सोडत नाही.