शलोमीचं ताट

घेतली का पांघरुणं अंगावर? मग ऐका. एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाकडे पाऊस फिरकेनासा झाला. विहिरी आटल्या, कणग्या रिकाम्या झाल्या. गावात एक लहानसं दगडी चर्च होतं. त्याची घंटा तेवढी रोज वाजायची, आणि ती वाजवायची शलोमी.

ही शलोमी कोण? तर तान्ही असताना कुणीतरी तिला चर्चच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. गावानं तिला वाढवलं. आज या घरी, उद्या त्या घरी. मारलं कुणी नाही, पण ताट तिचं असं कुठंच नव्हतं. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं तिला मिळायचं. मग काय, पोरीच्या मनानं घेतलं की आपण उरल्यासुरल्याच्याच लायकीच्या. मोठी झाली, आजाऱ्यांच्या उशाशी बसायची, म्हाताऱ्यांचं पाणी भरायची. स्वतःला मात्र सारखी बोल लावायची. मेली नकटी, मेली कुणाची कोण. आणि पाळकसाहेब भर उपासनेत म्हणायचे, "ख्रिस्ती असावं तर शलोमीसारखं. स्वतःसाठी काही म्हणून ठेवत नाही." सगळ्या माना डोलायच्या. शहाणी माणसं सगळी, पण चुकत होती, बरं का.

तर त्या दुष्काळात रूथ नावाची एक पोर बाळंत झाली. पोटात अन्न नाही, मग अंगावर दूध कुठलं येणार? बाळाचं रडणं रोज बारीक होत चाललं. शलोमी ते ऐकायची आणि तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. शेवटी तिनं कंबर कसली. गाव मरू द्यायचं नाही, म्हणाली. हट्टाची होती ती.

मग एके दिवशी दारात एक वाटसरू आला. तोंडावर धूळ, पायात झिजलेल्या वहाणा. शलोमीकडे एकच भाकरी होती, ती तिनं त्याच्यापुढे ठेवली. तो होता देवदूत. पंखबिंख काही नाही, उगाच विचारू नका.

भाकरी खाऊन तो म्हणाला, "बाई, तुला काय हवं?"

"माझ्या गावाला जेवायला घाला."

"आणि तुला?"

"माझं काय, मी कशीही राहीन."

देवदूताला ते काही आवडलं नाही. पण त्यानं बोचक्यातून एक मातीची तवली काढली. म्हणाला, "यात मूठभर कण्या शिजव, प्रार्थना कर आणि स्वतःला वाढून घे. तुझ्या ताटात येईल तेच गावातल्या प्रत्येक ताटात येईल. जसं तुला, तसं शेजाऱ्याला." एवढं बोलून तो वाटेला लागला.

शलोमीनं लगेच चूल पेटवली, मडक्याच्या तळाशी उरलेल्या मूठभर कण्या शिजत घातल्या आणि प्रार्थना केली. झाकण काढलं तर तवली मऊ, वाफाळत्या कण्यांनी काठोकाठ. तिनं विचार केला, आपण दोन घास खाल्ले म्हणजे झालं, चांगलं ते गावाला जाऊ दे. म्हणून बुडाची करपलेली खरवड तेवढी ताटात घेतली. आणि काय झालं? घरोघरी ताटात करपलेली खरवड. पाटलाच्या घरी खरवड, पाळकसाहेबांच्या घरी खरवड. म्हाताऱ्यांना तर चावेना.

दुसऱ्या दिवशी शलोमी म्हणाली, माझ्यासारखीचं तोंड लागलं, म्हणून असं झालं. आज मी शिवायचीच नाही. मग तिनं उपास धरला, गुडघे टेकून बसली. गावानं ताटं मांडली, वाट पाहिली. ताटं कोरडी ती कोरडीच. रूथचं बाळ त्या दिवशी रडलंसुद्धा नाही.

शेजारी मार्थामावशी राहायची. जिभेला हाड नाही, पण मनानं लोण्यासारखी. ती काठी टेकत आली, रिकामं ताट पाहिलं, भरलेली तवली पाहिली आणि तिच्या ध्यानात आलं. "काय गं," ती म्हणाली, "शिक्षा तू स्वतःला करतेस आणि भोगतो आम्ही. जेव आधी पोटभर."

तिसऱ्या दिवशी शलोमीनं ताट भरून घेतलं. पण घासागणिक स्वतःला बोलत होती. गीळ आता. पोरं उपाशी आणि तू बस गिळत. तर गावभर ताटं भरली खरी, पण कण्या कडू, अगदी कडुनिंबाच्या पाल्यासारख्या. रूथनं घास तोंडात घेतला आणि थुंकून टाकला.

तेव्हा मात्र शलोमी रडली. खूप रडली. मग डोळे पुसले आणि नीट विचार करायला बसली. रूथ माझ्या दारी आली असती, तर मी तिला असं वाढलं असतं का? खरवड दिली असती? गीळ म्हटलं असतं? जीभ झडली असती माझी. मग ही शलोमी देवाची कुणीच नाही का?

ती हात जोडून म्हणाली, "देवा, मला तू घडवलंस. आणि तुझ्या हातच्या कामाला मी उठता बसता नावं ठेवते. मला क्षमा कर. मला हे जमत नाही, पण मी शिकेन. तू शिकव."

मग उठली. पाहुणी यायची असली की करतात ना, तसं सगळं केलं. अंगण झाडलं, पाणी शिंपडलं. तोंड धुतलं, केस विंचरले, ठेवणीतलं लुगडं नेसली. चटई अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला, ताट मांडलं. आणि तवलीतल्या वरच्या मऊ मऊ कण्या वाढल्या. आता हाक मारायची होती. पण दुसऱ्याला हजारदा म्हटलेले शब्द, स्वतःला म्हणता येईनात. पण हट्टाची होती ना. पुन्हा प्रयत्न केला, आणि हळूच म्हणाली, "ये शलोमी. बस. दमली असशील ना बाई. जेव सावकाश."

आणि ती बसली, जेवली. घास गोड लागला. मला सांगतानासुद्धा भरून येतं, बाळांनो.

तिकडे घरोघरी काय झालं? ताटं भरली, वास दरवळला. आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याला कुणीतरी मायेनं हाक मारतंय, ये, बस, दमली असशील. रूथ पोटभर जेवली, तिला पान्हा फुटला, आणि बाळ असं चुटूचुटू प्यायलं की विचारू नका.

मग पाऊस येईपर्यंत शलोमी रोज तशीच जेवली. काही दिवस जड गेले, जुनी बोलणी तोंडावर यायची. पण तिनं सोडलं नाही. पाऊस आला, ज्वारी पिकली, चर्चमध्ये प्रीतिभोजन झालं. त्या दिवशी शलोमी पंगतीत बसली आणि वाढायला उठले पाळकसाहेब. त्यांना कुठली सवय, निम्मी आमटी चटईवर सांडली. पण सगळे पोट धरून हसले आणि पुढं सुखानं राहिले.

झाली गोष्ट. आता हात जोडा. प्रार्थनेत रोज सगळ्यांची नावं घेता, आईचं, बाबांचं, त्या लंगड्या कुत्र्याचंसुद्धा. आज शेवटी आपलं नाव घ्या. लाजायचं नाही, प्रेमानं घ्यायचं. घेतलं? मग मिटा डोळे.