बंगल्यातला धूर

“मग धूर आत का येतो अण्णा, तेवढं सांगा.”

दिगंबर कोठारे अजून पुरते आतही आले नव्हते. एक पाय उंबऱ्याबाहेर होता आणि प्रश्न आत येऊन पोचला होता.

“बसा,” अण्णा म्हणाले.

कोठारे बसले. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी आल्या, प्रमिलावहिनी. अण्णांना नमस्कार करून त्या थेट शेगडीकडे गेल्या आणि दोन्ही तळवे निखाऱ्यांवर धरून बसल्या. त्यांना खोकला होता. तो काही आजचा नव्हता.

डिसेंबरातली दुपार कलत होती. पाचगणीत त्या वेळी ऊन असतं, पण नावाला. अण्णांची खोली पठाराच्या पायथ्याशी आहे, पत्र्याची. एक दार, एक खिडकी, एक शेगडी. मी त्यांच्याजवळ राहतो, चहा करतो, आल्यागेल्याचं बघतो. सल्ला विचारायला येणारे बहुतेक लोक उत्तर घरूनच घेऊन येतात, त्यावर अण्णांची नुसती सही हवी असते.

त्या हिवाळ्यात अण्णा फार थकले होते. खरं म्हणजे मीही थकलो होतो.

कोठाऱ्यांना सगळं गाव ओळखतं. जन्मभर त्यांनी पूल बांधले. निवृत्त झाल्यावर इथला एक जुना साहेबी बंगला घेतला, राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतला. दगडी भिंती, उतरतं छप्पर, खोलीखोलीत फायरप्लेस, जिन्याच्या खिडकीला रंगीत काचा. तो होता तस्सा पुन्हा उभा करायचा, हे त्यांनी मनावर घेतलं. त्याला सहा-सात वर्षं झाली. अंगणात चुन्याची घाणी बसवली. गूळ आणि बेलफळ घालून चुना मळवला. खिळासुद्धा नवा दिसू नये म्हणून जुन्या बाजारात पायपीट केली. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? फक्त त्या बंगल्यात कुणाला बसवत नव्हतं.

“धुराडं साफ केलंत?” अण्णांनी विचारलं. आपलं विचारायचं म्हणून.

“वरून दोर सोडून केलं. पाखरांची घरटी निघाली, ती काढली. मग धुराडं हातभर उंच केलं. त्यावर टोपी बसवली. टोपी काढली. जांभळीचं लाकूड जाळून बघितलं, सिल्व्हर ओकचं बघितलं. चांगलं वर्षभर वाळवलेलं. पण पेटवलं की घटकाभरात सगळा दिवाणखाना धुराने भरतो.”

“मग?”

“मग काय... ही उठते आणि खिडकी उघडते.”

“आणि धूर?”

“जातो.”

“जातो ना?”

“धूर जातो, पण गारठा येतो! एवढा आटापिटा करून गारठाच घ्यायचा तर फायरप्लेस पेटवायची कशाला? मी खिडकी लावून टाकतो.”

प्रमिलावहिनींना खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं.

“घराला फटी फार असतील,” अण्णा म्हणाले.

कोठाऱ्यांचा चेहरा एकदम खुलला. “होत्या! आता एक शोधून दाखवा. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. छताखाली झरोके होते, ते बुजवले. आणि दारं... अण्णा, तुम्हाला खोटं वाटेल. एवढा नेटका बंगला, पण एकूण एक दार खालून बोटभर आखूड! साहेबाचा सुतार चुकला, दुसरं काय. मी प्रत्येक दाराला खालून सागाची पट्टी जोडून घेतली. आता आत मुंगी शिरायची नाही.”

घर होतं तस्सं ठेवायचं व्रत घेतलेल्या माणसाने साहेबाची चूक तेवढी सुधारून दिली होती. मला हसू आलं. मी चहाच्या भांड्यावर मान खाली घातली.

“साहेब कुठला होता?” अण्णांनी विचारलं.

“म्हणजे? इंग्लंडचा.”

“तिकडे थंडी असते म्हणतात.”

“असते म्हणजे काय! तिकडे तर...”

कोठारे थांबले. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग अंगावरची माशी उडवावी तसा त्यांनी तो विचार उडवून लावला.

“ते असू द्या. धुराचं मी बघून घेईन. खरं सांगायचं तर मी वेगळ्याच कामासाठी आलोय.”

अण्णांनी डोळे मिटले.

“ही जाते म्हणते. उद्या सकाळच्या एसटीने. सांगलीला, बहिणीकडे.”

“हिवाळ्यापुरत्या जात असतील.”

“तसंच म्हणते. पण...” कोठाऱ्यांचा आवाज खाली आला. “मी बॅग बघितली. उन्हाळ्यात नेसायच्या सगळ्या सुती साड्याही भरल्यात.”

चहा उकळत होता, त्याचाच काय तो आवाज.

“तुमचा शब्द ती मोडणार नाही, अण्णा. एवढा हिवाळा थांब, म्हणावं. माझं सगळं ठरलंय. खाली बॉयलर बसवतो. भिंतींतून गरम पाण्याचे नळ फिरवतो. दिवाणखाना एकदा हातावेगळा झाला की...”

“प्रमिलाताई,” अण्णांनी विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

“तिचं म्हणणं एवढंच आहे की इथली हवा तिला...”

“ताई?”

“तिला दम्याची धास्ती बसलीय. तसं डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही...”

वहिनींनी बोलण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि पुन्हा निखाऱ्यांकडे पाहिलं. त्यांना याची सवय झालेली दिसली. मला त्या माणसाचा असा संताप आला की चहात साखर किती घातली तेच विसरलो.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आत आली. कोठारे बोलता बोलताच उठले, दार लावलं, कोपऱ्यातलं गोणपाट घेऊन दाराखालच्या फटीत कोंबलं, खिडकीही ओढून घेतली आणि जागेवर येऊन बॉयलरचं पुढे चालू केलं. किती रुंदीचे नळ, कुठल्या भिंतीतून, परत येणारं पाणी कुठून.

थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागले. डोकं जड झालं. वहिनींनी पदर नाकाला लावला.

अण्णा उठले. त्या दिवसांत उठणं हा त्यांच्यासाठी सोहळाच असायचा. गुडघ्यांवर हात, मग भिंतीला हात, मग एक सुस्कारा. मी पुढे झालो तर मानेनेच नको म्हणाले. जाऊन त्यांनी गोणपाट काढलं, दार उघडलं आणि तेवढाच वेळ घेऊन परत येऊन बसले.

कोठारे बोलतच होते. बोलण्याच्या भरात ते पुन्हा उठले आणि पुन्हा दार लावलं. गोणपाटासकट.

अण्णा पुन्हा उठले.

या वेळी दार उघडून ते तिथेच उभे राहिले. चौकटीला टेकून. त्यांना धाप लागली होती.

“दिगंबरराव, तुम्ही बाहेर बसा.”

“बाहेर?”

“पायरीवर.”

“अण्णा, बाहेर थंडी आहे.”

“हो,” अण्णा म्हणाले.

कोठारे गेले. शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकून आलो. दया आली म्हणून नव्हे. आजारी पडले असते तर ते निस्तरणंही माझ्याच गळ्यात आलं असतं.

अण्णा परत जागेवर येऊन बसले. दार सताड उघडं होतं. अण्णांनी वहिनींना काही विचारलं नाही. मी चहा दिला. तो फार गोड झाला होता, पण कुणी काही म्हणालं नाही.

“घर चांगलं आहे,” वहिनी एकदम म्हणाल्या. “कामही चांगलंच केलंय ह्यांनी. मी कधी नाव ठेवलं नाही.”

अण्णा ऐकत होते.

“पण अण्णा, इतक्या वर्षांत आम्ही तिथे एकदा बसलो नाही हो. नुसते बसलो नाही. चहा घेऊन बसावं, तर ह्यांना भिंतीवर ओल दिसते. कप ठेवून उठतात. मी म्हणते, अहो, बसा ना. तर म्हणतात, एवढं झालं की बसू.”

“अगं, पण ती ओल वेळीच बघितली नसती तर...” पायरीवरून आवाज आला.

अण्णांनी हात वर केला. नुसता पंजा. आवाज थांबला.

“धुराला नाही मी कंटाळले. चुलीपुढेच वाढले, मला कसला धूर? मी दमले. रोज उठून होत असलेल्या घरात राहून दमले. आज ही खोली बंद, उद्या ती बंद. माझं अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. साठी उलटली माझी... झाल्यावर बसू, म्हणजे कधी?”

मी दाराकडे बघितलं. कोठाऱ्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

“मला राग नाही त्यांचा,” वहिनी म्हणाल्या. “राग असता तर बरं झालं असतं. भांडले असते आणि राहिले असते.”

अण्णांनी शेगडी पायाने त्यांच्याकडे जराशी सरकवली. तेवढंच.

वहिनींनी पाठ भिंतीला टेकली, शाल गळ्याशी ओढून घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं, डोळे पुसायचे नसतील म्हणून मिटले असतील. थोड्या वेळाने त्यांची मान कलली. हातातला कप मी हळूच काढून घेतला.

त्या झोपल्या होत्या. उघड्या दारात, वाऱ्यात, बसल्या बसल्या. खोकलाही नव्हता.

कोठारे उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. घोंगडी अंगावर तशीच होती. त्यांनी वाकून बघितलं.

“झोपली?” ते कुजबुजले. त्या माणसाला एवढ्या हळू आवाजात बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. “घरी झोपत नाही ही. रात्ररात्र बसून असते.”

आत येऊन ते अण्णांसमोर उकिडवे बसले.

“समजलं मला, अण्णा. साहेब चुकला नव्हता. धुराला वर जायला खालून हवा लागते, म्हणून दारं आखूड. मीच... असो. मी आत्ता जातो, उजेड आहे तोवर. दारांच्या पट्ट्या आजच काढतो. झरोके सकाळी गवंड्याकडून फोडून घेतो. बॉयलर नको. दिवाणखानाही राहू दे. स्वयंपाकघराशेजारी एक छोटी खोली आहे, तेवढी करतो. तिथली फायरप्लेस लहान आहे, छान पेटेल. दोन खुर्च्या ठेवतो. वेताच्या आहेत, जुन्या. एकीचा वेत सुटलाय, तो विणून घेतला आणि जरा पॉलिशचा हात दिला, की मग आम्ही दोघं...”

ते थांबले.

आपलं बोलणं आपल्याच कानांवर पडलं असावं. डोळे भरून आले. इतका वेळ ज्यांचा राग राग केला, त्यांच्याकडे मला बघवेना.

वहिनींनी झोपेतच पाय जवळ ओढून घेतले. कोठाऱ्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या पायांवर घातली. एका बाजूने पाय उघडा राहिला, तो झाकला. मग दुसरी बाजू सारखी करायला लागले आणि मध्येच त्यांनी हात मागे घेतला.

“उठल्यावर जाईल का हो ती?”

अण्णा खाटेकडे निघाले होते. गुडघे, भिंत, सुस्कारा. या वेळी त्यांनी माझा हात धरला.

“अण्णा... मी काय करू? एवढं तरी सांगून ठेवा.”

अण्णा खाटेवर आडवे झाले. पांघरूण ओढलं. तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, आता उत्तर मिळत नाही.

“ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसा,” अण्णा म्हणाले. “काही दुरुस्त करू नका.”