पहिली ओटी दगडाची

आमच्या उंबरदऱ्याच्या डोंगरावर भाताची खाचरं पायऱ्यांसारखी खालून वर चढत गेली आहेत. सगळ्यात वरच्या खाचराच्या बांधावर एक काळा, बसका दगड आहे. त्याच्या मधोमध ओंजळीएवढा खळगा असून त्यात भिजलेले तांदूळ आणि हळदकुंकू दिसतं. भादव्यात पाहुणे येतात ते खाचरं बघायला आणि मी त्यांना वर घेऊन जाते. पण धुकं असं, की पुढे चालणारा माणूस दिसत नाही, तिथं खाचरं कुठून दिसणार? पाहुणे वैतागतात. यंदा गौरीच्या दिवशी आलेल्या एक ताई चिखलात रुतलेला बूट ओढत म्हणाल्या, "एवढी तंगडतोड कशासाठी केली? जा म्हणावं आता या पावसाला!"

मी जागच्या जागी थांबले. "ताई, तेवढं एक बोलू नका इथं. बाकी हव्या त्या शिव्या द्या."

मग दगडापाशी उभं राहून मी त्यांना सारजेची गोष्ट सांगितली, सासूबाईंकडून ऐकली तशी.

फार पूर्वी या वरच्या खाचराची धनीण सारजा नावाची बाई होती, असं सांगतात. नवरा वारलेला, आणि पवळा ही एकुलती एक लेक समोरच्या डोंगरावर दिलेली. इथून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी इतकी जवळ. पण मधे ओढा. सासरचे लोक कामं टाकून सुनेला एरवी पाठवत नसत. मोकळीक मिळायची ती गौरीला, आणि गौरीला ओढा दोन्ही काठ भरून वाहायचा. लग्न झाल्यापासून पवळा एकदाही माहेरी आली नव्हती. सारजा दरवर्षी तिच्या ओटीसाठी चांगले तांदूळ निवडून, खणात बांधून ठेवायची आणि गौरी गेल्या की गाठोडं सोडून तेच तांदूळ शिजवायची. ते तिला गोड लागत नसत म्हणे.

त्या वर्षी पावसाने ताळच सोडला. सारजा डोक्यावर इरलं घेऊन रोज बांधावर यायची, ओढा बघायची आणि परत फिरायची. त्यातच तिच्या खाचराचा बांध फुटला. दिवसभर चिखल थापावा आणि डोळ्यांदेखत वाहून जावा, असं चाललेलं. शेवटी तिने हातातला चिखलाचा गोळा आभाळाकडे भिरकावला.

"जा मेल्या! तोंड काळं कर एकदाचं! पुन्हा दिसू नकोस!"

पाऊस म्हणे तिथल्या तिथे थांबला. ढगांनी आपली काळी तोंडं फिरवली आणि ते डोंगरापलीकडे निघून गेले.

आधी सगळ्यांनाच बरं वाटलं. घोंगड्या उन्हात पडल्या. ओढा उतरला, त्यातले दगड दिसू लागले. समोरून पवळाची हाक आली, "आये, गौरीला येते गंऽ!" सारजेने घर सारवलं, खण नवा आणला, तांदूळ एकेक करून निवडले.

पण भात तेव्हा पोटरीला आलं होतं. कणीस अजून पात्याच्या पोटात असतं, ते दिवस. तेव्हा खाचरात पाणी नसलं तर कणीस बाहेरच येत नाही. खाचरं भेगाळली, पाती टोकाकडून पिवळी पडली. सारजा काय बोलली ते शेजारच्या बांधावरच्या बायांनी ऐकलेलं होतं. गाव तिच्या दारात आलं.

गावचा भगत म्हणाला, "सारजे, ज्या तोंडानं हाकललंस त्याच तोंडानं बोलव."

"बोलवीन. गौरी होऊ द्या."

"तोवर भात पोटातच मरंल."

"तुझी एक लेक जेवंल आणि आमची पोरं काय माती खातील?" शेजारीण म्हणाली.

सारजा उसळली. "इतकी वर्षं माझी लेक आली नाही, तेव्हा कोण विचारायला आलं होतं?"

लोक खाली बघत निघून गेले.

सारजा एकटी खाचरात उतरली. तिने भाताची एक पोटरी नखाने उकलून पाहिली. आतलं कणीस पांढरं, मऊ होतं आणि मान टाकत होतं. ती बराच वेळ ते तळहातावर धरून बसली. मग वर बघून म्हणाली, "ये."

आभाळ स्वच्छ.

"ये रे बाबा. चुकले मी."

काहीच नाही. तिने हात जोडले, नाक घासलं, मग पुन्हा रागावली, "आता आणखी काय करू?" आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. आपल्या माणसाला आपण नुसतं 'जा' कधीच म्हणत नाही. लेक निघाली की ओटी भरतो आणि 'येत जा' म्हणतो, तेव्हा ती परत येते. याला मात्र आपण रिकाम्या हातानं दारातून हाकललं.

ती घरी गेली. पवळासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं घेऊन वर आली. बांधावरच्या या दगडाला कुंकू लावलं, ते सगळे तांदूळ त्याच्यावर ओतले आणि लेकीला म्हणावं तसं म्हणाली, "येत जा हो."

गौरीच्या दिवशी समोरच्या उतारावर तांबडं लुगडं दिसलं. सारजा ओढ्याकडे धावत सुटली. पवळा पलीकडून धावत होती. दोघी काठाशी पोचायच्या आत वरून पाण्याचा लोट आला. वर डोंगरात पाऊस कधीच सुरू झाला होता. पाठोपाठ इथेही कोसळला.

पलीकडच्या काठावर पवळाने पदर पसरला. अलीकडे सारजेच्या हातात तांदळाचा एक दाणा नव्हता.

"येत जा गंऽ!" सारजा ओरडली.

"येते!" म्हणून पवळा मागे फिरली. त्या साली कणसं बाहेर पडली, भात भरघोस निसवलं. तांदूळ ठेवले त्या जागी दगडाला खळगा पडला, तो हाच.

"पुढच्या वर्षी तरी भेटल्या का मायलेकी?" ताईंनी विचारलं. सगळे विचारतात. मीही विचारलं होतं, तर सासूबाई माझ्यावरच खेकसल्या होत्या, "भात पिकलं ना? मग झालं!" मला ते कधी पटलं नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. माझी लेक होती. घाटात दरड आली होती आणि तिची एसटी अर्ध्यातून माघारी फिरली होती. "पुढच्या साली येते गं आई," ती म्हणाली. मी हं म्हटलं. ताईंना कळलं असावं; त्या बूट पुसत राहिल्या.

आजही उंबरदऱ्यात गौरीला पहिली ओटी या दगडाची भरतात आणि लेकीची त्यानंतर, मग ती दारात आलेली असो की नसो. मी कमरेची पुरचुंडी सोडली. पाऊस तोंडावर मारत होता. तोच 'जा' अगदी जिभेवर आला होता. तो गिळला, तांदूळ खळग्यात ठेवले आणि म्हटलं, "येत जा."